लाजवर्द घेण्याआधी हे समजून घ्या

एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅम सोन्याने पहिल्यांदा एक लाखाचा आकडा गाठला, तेव्हापासून कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात, गिऱ्हाइकांची विचारणा बदलली आहे. लग्नाचा साज सोन्याचाच हवा, यावर अजून कुणी तडजोड करत नाही. पण ऑफिसला घालायचं पदक, कानातलं, भाचीला वाढदिवसाला द्यायची अंगठी, यासाठी चांदी बघितली जाते. चांदीत नुसती घडण डोळ्यात भरत नाही, म्हणून खडा हवा असतो. आणि या खड्यांत सध्या एक गडद निळा खडा सगळीकडे दिसतो. त्यात सोनेरी ठिपके असतात, कधी पांढऱ्या रेषा असतात. कुणी त्याला लॅपिस म्हणतं, कुणी लाजवर्त, कुणी राजावर्त. या लेखात मी लाजवर्द हे एकच नाव वापरतो.

गोंधळ होतो तो भावाचा. एकाच आकाराचे, लांबून सारखेच दिसणारे दोन खडे. एकाचा भाव दुसऱ्याच्या कितीतरी पट. एक दुकानदार सांगतो की ठिपके म्हणजे खऱ्याची खूण, दुसरा म्हणतो ठिपके नसलेला खडा महाग. एक म्हणतो पाण्यात घालू नका, दुसरा तो रिठ्याच्या पाण्यात रात्रभर बुडवायला सांगतो. यातलं काय खरं मानायचं हे कळायला एक गोष्ट नीट समजली तर पुरे. माणिक, पाचू, नीलम ही एकेका खनिजाची स्फटिकं आहेत. लाजवर्द हा खडक आहे. त्याचा रंग, किंमत, घडणीतले त्रास, त्यातली फसवणूक आणि त्याची निगा हे सगळं या एका फरकातून येतं.

## खनिज आणि खडक

खनिज म्हणजे निसर्गात तयार झालेला, ठरावीक रासायनिक रचना असलेला एकच पदार्थ. खडक म्हणजे अनेक खनिजांचे कण घट्ट चिकटून झालेला गोळा. खडीसाखरेचा खडा आणि राजगिऱ्याचा लाडू शेजारी ठेवून बघा. खडीसाखर आरपार एकच पदार्थ आहे. प्रकाश तिच्यातून जातो, तिला सपाट चकाकती पृष्ठं असतात. लाडवात दाणे वेगळे, गूळ वेगळा, मध्ये बारीक पोकळ्या. तो फुटतो तेव्हा दाण्यांच्या सांध्यांवर फुटतो आणि ओल लागली तर ती पोकळ्यांतून आत शिरते. नीलम खडीसाखरेसारखा आहे, लाजवर्द लाडवासारखा.

लाजवर्दात मुख्य तीन खनिजं असतात. निळा रंग लाझुराइटचा. पांढऱ्या रेषा आणि ढग कॅल्साइटचे. चुनखडी आणि संगमरवर ज्याचे बनतात तेच हे खनिज. सोनेरी ठिपके पायराइटचे, म्हणजे लोह आणि गंधकाच्या संयुगाचे. ते सोनं नसतं. याशिवाय काही खनिजं थोड्या थोड्या प्रमाणात असतात, त्यांची नावं इथे नकोत.

या तिघांचा कठीणपणा सारखा नाही. खनिजांचा कठीणपणा मोजायला मोह्स या खनिजशास्त्रज्ञाची १ ते १० अशी श्रेणी वापरतात. तीत हिरा १० वर आणि नीलम ९ वर येतो. लाझुराइट ५ ते ५.५, पायराइट ६ ते ६.५ आणि कॅल्साइट फक्त ३. एकाच खड्याच्या पृष्ठभागावर मऊ आणि कडक असे शेजारी आहेत, हे पुढे कारागिराच्या प्रकरणात फार महत्त्वाचं ठरतं.

## हा निळा रंग येतो कुठून?

बहुतेक रत्नांना रंग धातू देतात. नीलमाचा निळा लोह आणि टायटॅनियममुळे, फिरोजाचा तांब्यामुळे. लाजवर्दाचा निळा गंधकाचा आहे. पिवळ्या गंधकातून इतका खोल निळा निघतो, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

ते असं घडतं. लाझुराइटमध्ये ॲल्युमिनियम, सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा एक पिंजरा असतो. त्या पिंजऱ्यात गंधकाचे तीन-तीन अणू एकत्र येऊन, एका जादा इलेक्ट्रॉनसह अडकलेले असतात. हे त्रिकूट प्रकाशातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतं आणि उरलेला निळा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. पिंजरा शाबूत आहे तोवर रंग शाबूत. उन्हाने तो उडत नाही, वर्षानुवर्षं टिकतो. पण आम्ल लागलं की पिंजरा मोडतो, गंधक सडक्या अंड्यासारख्या वासाच्या वायूच्या रूपात बाहेर पडतो आणि त्या जागी फिकट, करडा डाग राहतो.

हाच पदार्थ आपल्या घरात वेगळ्या रूपात येऊन गेला आहे. पांढऱ्या कपड्यांना घालायची जुनी नीळपूड म्हणजे कारखान्यात बनवलेला हा निळा रंग. पूर्वी युरोपातले चित्रकार तो मिळवायला लाजवर्द दळत, आणि तिथेच अडत. नुसता दगड दळला की पूड करडी निघायची, कारण निळ्यासोबत पांढरा कॅल्साइट आणि पायराइटही दळला जायचा. म्हणून ती पूड मेण आणि राळेच्या गोळ्यात मळून, क्षाराच्या पाण्यात दाबून दाबून त्यातून निळे कण वेगळे काढत. इतकी मेहनत, त्यात दगड हजारो किलोमीटरवरून आलेला. मग रंग महाग असणारच. शेवटी १८२४ मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम निळ्यासाठी बक्षीस जाहीर झालं आणि १८२८ मध्ये ते ज्यां-बातिस्त ग्युमे यांना मिळालं. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भट्टीत भाजून त्यांनी तोच पिंजरा तयार केला.

## आपल्याकडे का सापडत नाही?

लाजवर्द तयार व्हायला संगमरवर लागतो. चुनखडीचे थर जमिनीत खोल दाबले जातात, तापतात, त्यांचा संगमरवर होतो. त्यात सोडियम, गंधक, क्लोरीन असलेले गरम द्रव शिरले तर काही मोजक्या ठिकाणी लाझुराइट बनतं. कोल्हापूरच्या पायाखाली काळा बेसॉल्ट आहे, ज्वालामुखीच्या लाव्हाचा. अशा कातळाच्या पोकळ्यांतून अकीक मिळतो, झिओलाइट नावाचे सुंदर स्फटिक मिळतात, पण लाजवर्दाला लागणारा संगमरवर त्यात नाही. महाराष्ट्रात कुणी ‘आमच्या डोंगरात सापडलेला लाजवर्द’ म्हणून काही विकत असेल तर सरळ पुढे चालू लागा.

जगातला सर्वांत नावाजलेला लाजवर्द अफगाणिस्तानच्या बदख्शान प्रांतातून येतो. तिथे कोकचा नदीच्या अरुंद खोऱ्यात सर-ए-संग नावाच्या खाणी आहेत, आणि माणूस तिथून सहा हजारांहून जास्त वर्षं हा दगड काढतो आहे. जुनी पद्धत अशी की कातळाला लागून जाळ करायचा, दगड तापला की त्यावर थंड पाणी मारायचं, म्हणजे तो तडकतो. पुढे सुरुंग आले. सुरुंगाने माल भराभर निघतो, पण त्या हादऱ्याने चांगल्या दगडातही बारीक भेगा जातात, आणि त्या पैलू पाडणाऱ्याच्या हातात आल्यावरच कळतात. याशिवाय चिलीत अँडीज पर्वतात, रशियात बैकल सरोवराजवळ आणि ताजिकिस्तानच्या पामीरमध्येही लाजवर्द आहे. चिलीच्या मालात पांढरा कॅल्साइट सहसा जास्त असतो.

भारतीय उपखंडाचं या दगडाशी नातं फार जुनं आहे. बलुचिस्तानातल्या मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनांत लाजवर्दाचे मणी सापडले आहेत. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी तर थेट आमू नदीजवळ शोर्तुगई इथे, आजच्या अफगाणिस्तानच्या उत्तर टोकाला, आपली वसाहत केली होती. घरापासून इतक्या दूर ती कशासाठी, याचं पुरातत्त्वज्ञांना सर्वांत पटणारं उत्तर म्हणजे लाजवर्दाचा व्यापार. तिथून हा दगड पार इराकमधल्या उर शहराच्या राजथडग्यांपर्यंत पोचला.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. तीत सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकम बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात लाजवर्दाची नोंद आहे. कोल्हापूरचा वाचक हा काळ चटकन डोळ्यासमोर आणू शकतो. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये झालेल्या उत्खननाशी जोडलेली, टाउन हॉल संग्रहालयातली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची ती छोटी कांस्यमूर्ती रोमशी चालणाऱ्या याच व्यापाराच्या काळातली. म्हणजे ज्या समुद्री वाटांनी लाजवर्द पश्चिमेला जात होता, त्याच व्यापाराचं एक टोक पंचगंगेच्या काठी येऊन टेकलं होतं. आणि महाराष्ट्रातच या दगडाचं काम बघायचं असेल तर अजिंठ्याला जा. तिथल्या पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रांतले बाकीचे बरेच रंग स्थानिक माती-दगडांचे आहेत; निळा मात्र लाजवर्दाचा.

## चांगला लाजवर्द कसा ओळखायचा?

आधी ठिपक्यांचा वाद मिटवू. दोन्ही दुकानदार अर्धे बरोबर आहेत. पायराइटचे ठिपके असणं ही खऱ्या लाजवर्दाच्या बाजूची चांगली खूण आहे, कारण नक्कल करताना ते हुबेहूब जमत नाहीत. पण सर्वांत जास्त किंमत मिळते ती एकसारख्या, खोल, किंचित जांभळटाकडे झुकणाऱ्या निळ्याला, ज्यात पांढरा कॅल्साइट डोळ्यांना दिसत नाही आणि पायराइट नाही किंवा बारीक शिंतोड्यांइतकाच आहे. पायराइट फार झाला तर खडा मळकट, हिरवट करडा दिसतो. कॅल्साइट वाढला की रंग धुवट होतो आणि किंमत उतरते.

अफगाण व्यापारी रंगावरून मालाचे वर्ग करतात: नीली म्हणजे गडद, आसमानी म्हणजे फिका, सब्जी म्हणजे हिरवट. हे शब्द आपल्यालाही कळतात, आणि इंटरनेटवर दिसणाऱ्या ‘एएए ग्रेड’ वगैरेपेक्षा ते कामाचे आहेत. त्या इंग्रजी अक्षरांमागे सगळ्यांनी मान्य केलेलं एकच मोजमाप नाही. प्रत्येक विक्रेता आपापली अक्षरं लावतो. खडा दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या दारात येऊन बघा. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली निळा रंग खरा दिसत नाही.

एक मात्र माझं ठाम मत आहे. थोडे ठिपके आणि एखादी पांढरी शीर असलेला खडा कमी दर्जाचा समजून टाळू नका. चांदीच्या पदकात तो एकसारख्या निळ्यापेक्षा जास्त जिवंत दिसतो, आणि स्वस्तही पडतो.

## घडवताना कारागीर काय काय सांभाळतो

लाजवर्दातून प्रकाश आरपार जात नाही, म्हणून हिऱ्यासारखे पैलू पाडून उपयोग नसतो. त्याला वरून गोलाकार घुमट देतात, खालून सपाट ठेवतात. या आकाराला कॅबोशॉन म्हणतात. किंवा मणी करतात, किंवा पातळ चकत्या कापून जडावाला वापरतात. कापताना दगडाला गंधकाचा वास येतो. हा वास अनुभवी कारागिराला खऱ्याची खात्री देतो.

अडचण येते ती चकाकी आणताना. मघाशी सांगितलेला मऊ-कडक फरक इथे आडवा येतो. घासण्याच्या चाकावर कॅल्साइट लवकर झिजतो, लाझुराइट त्याहून सावकाश, पायराइट सर्वांत उशिरा. चाकावर दाब जास्त पडला तर पृष्ठभागावर बारीक खड्डे आणि उंचवटे तयार होतात आणि खडा कितीही घासला तरी आरशासारखा होत नाही. हिऱ्याच्या बारीक पुडीने, हलक्या हाताने, टप्प्याटप्प्याने घासावं लागतं. स्वस्त मालात ही मेहनत टाळून वर मेण किंवा राळ चोळलेली असते. नवा असताना तो छान चमकतो. दोन-चार महिन्यांत मेण उडतं आणि खडा मलूल पडतो.

पुढचा प्रश्न कोंदणाचा. साजातली माणिक-पाचूची पानं घडवणाऱ्या हातांना कोंदणाचं काम शिकवायला नको, पण लाजवर्दाच्या काही वेगळ्या अटी आहेत. चार टोकांनी धरलेल्या बैठकीत दाब चार बिंदूंवर येतो. तिथे नेमका पायराइटचा ठिपका किंवा कॅल्साइटची शीर आली तर खड्याची कड उडते. म्हणून खड्याच्या भोवती पूर्ण पट्टी वळवून ती वरून हलकेच दाबणं हे सर्वांत सुरक्षित. दाब सगळीकडे वाटला जातो आणि कड झाकलीही जाते.

कामाचा क्रम तर मोडायचाच नाही. डाक लावणं म्हणजे सांधे जोडणं, तापवणं, आम्लाच्या पाण्यात टाकून उजळणं, काळवट छटा द्यायची असेल तर ती देणं, घासणं, हे सगळं आधी. खडा सर्वांत शेवटी. चांदीवर डाक लावायला जी उष्णता लागते तीत लाजवर्द तडकू शकतो, रंग बिघडू शकतो; आणि उजळायच्या आम्लात तर तो जातोच. हुपरीसारख्या चांदीच्या गावात घाऊक माल बनतो तेव्हा हा क्रम पाळला जातो. धोका पुढे असतो: अंगठी सैल झाली, पदकाची कडी तुटली म्हणून गिऱ्हाईक दुरुस्तीला देतं तेव्हा. दुरुस्तीला देताना ‘हा लाजवर्द आहे, खडा काढून मगच तापवा’ एवढं स्वतः सांगा. खडा निळाच असल्याने समोरच्याला तो नीलम किंवा काच वाटू शकतो.

माळ करायची असेल तर पटवेकऱ्याकडून दोन मण्यांमध्ये गाठ मारून घ्या. गाठ नसली की मणी एकमेकांवर घासून भोकांच्या कडा झिजतात, आणि दोरा तुटला तर सगळे मणी एकदम फरशीवर पडतात.

## “गंधक आहे म्हणता, मग चांदी काळी पडणार नाही का?”

हा प्रश्न रास्त आहे, कारण चांदी काळी पडते ती गंधकामुळेच. हवेत गंधकयुक्त वायू अगदी थोडे असतात आणि चांदीशी त्यांचा संयोग होऊन काळा थर चढतो. पण लाजवर्दातला गंधक पिंजऱ्यात बंद आहे आणि पायराइटमधला लोहाशी बांधलेला. नेहमीच्या वापरात तो बाहेर येत नाही. चांदीचा दागिना लाजवर्दासह असो वा नसो, काळा तो हवेने आणि घामाने पडेल.

अपवाद आम्लाचा. लिंबू, चिंच किंवा चांदी चकाकवायचं बाटलीतलं द्रावण खड्यावर गेलं तर पिंजरा मोडून तोच वायू खड्यातून सुटतो. म्हणजे एका फटक्यात खड्याचा रंग जातो आणि शेजारची चांदी काळी पडते.

## “हे सगळे रंगवलेलेच असतात ना?”

सगळे नाही, पण बरेच. दाण्यांच्या सांध्यांमधल्या सूक्ष्म पोकळ्यांत रंग शिरतो, म्हणून कॅल्साइट जास्त असलेला फिका लाजवर्द निळ्या रंगात बुडवून, वर मेण लावून विकणं ही व्यापारातली नेहमीची गोष्ट आहे. तो लाजवर्दच असतो, पण त्याचा निळा त्याचा स्वतःचा नसतो, आणि त्याला गडद नीलीचा भाव देणं चूक. दुसरा प्रकार म्हणजे लाजवर्दाचा चुरा राळेत घट्ट करून केलेले ठोकळे. त्यांतून मणी कापतात. तिसरा, दुसराच दगड. पांढरा हाऊलाइट किंवा मॅग्नेसाइट निळा रंगवतात. जॅस्पर रंगवून ‘स्विस लॅपिस’ किंवा ‘जर्मन लॅपिस’ या नावाने खपवतात. सोडालाइट हा नैसर्गिक निळा दगड लाजवर्द म्हणून पुढे केला जातो. आणि शेवटी काच. चमचमत्या कणांची गडद निळी काच तर बाजारात उदंड आहे.

नक्कल नवी नाही. साधारण ३३०० वर्षांपूर्वीच्या तुतनखामेनच्या प्रसिद्ध सुवर्णमुखवट्यात भुवया आणि डोळ्यांच्या कडा लाजवर्दाच्या आहेत, पण डोक्यावरच्या वस्त्राचे निळे पट्टे काचेचे. फॅरोच्या कारागिरांनाही खरा दगड जपून वापरावा लागत होता.

घरी काय तपासता येईल? भिंगाने ठिपके बघा. पायराइटचे ठिपके वेड्यावाकड्या आकाराचे, काही कोनदार, कुठे दाट कुठे विरळ असतात. सगळे एकाच मापाचे आणि समान अंतरावर चमचमणारे कण दिसले तर ते काचेचं किंवा कारखान्याचं काम. मण्याच्या भोकाच्या कडा बघा; रंग तिथे आणि भेगांमध्ये साचून जास्त गडद दिसत असेल तर तो बाहेरून घातलेला. मग कापसाच्या काडीवर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, हलकेच घासा. काडी निळी झाली तर प्रश्न मिटला. मेण लावलेलं असेल तर रंग लगेच उतरत नाही, म्हणून दोन-तीनदा घासून बघावं. ही चाचणी विकत घेण्याआधी दुकानदाराची परवानगी घेऊनच करा. खऱ्या मालाचा दुकानदार सहसा नाही म्हणत नाही.

मला सर्वांत आवडणारी चाचणी वजनाची आहे, कारण तीत खड्याला धक्काही लागत नाही. सुटा खडा असेल तर आधी त्याचं वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असा धरा. काटा आता जो आकडा दाखवेल, तेवढं पाणी खड्याने बाजूला सारलं. खड्याच्या वजनाला त्या आकड्याने भागा. ११ ग्रॅमच्या खड्याने काट्यावर ४ दाखवले तर उत्तर २.७५ आलं, आणि लाजवर्दाची घनता बहुतेक वेळा याच्या आसपासच असते. सोडालाइट असता तर काट्यावर ४.८ च्या जवळपास दिसलं असतं, कारण त्याची घनता सुमारे २.३ आहे. एवढ्या फरकाला सराफाचा इलेक्ट्रॉनिक काटा पुरतो. रंगवलेला लाजवर्द मात्र या चाचणीत पकडला जात नाही, तो शेवटी लाजवर्दच असतो; त्यासाठी ॲसिटोनच.

महागडी माळ किंवा मोठा खडा असेल तर प्रयोगशाळेचा दाखला मागा. जयपूरची रत्नपरीक्षण प्रयोगशाळा १९७२ पासून हे काम करते, इतरही आहेत. दाखल्यावर नाव वाचून थांबू नका. रंग घातला आहे का, मेण-राळ भरली आहे का, ही ओळ वाचा.

## “शनीसाठी नीलमऐवजी चालेल ना?”

लाजवर्द शनीचं उपरत्न म्हणून सुचवला जातो, आणि ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांनी तो जरूर घालावा. रत्नशास्त्राच्या बाजूने एवढंच सांगता येतं की दोन्हींत रंगाखेरीज काही सारखं नाही. नीलम ॲल्युमिनियम ऑक्साइडचा पारदर्शक स्फटिक, लाजवर्द अपारदर्शक खडक. म्हणून त्याला नीलमच्या आसपासची किंमत सांगितली जात असेल तर ती देऊ नका. चांगला लाजवर्दही नीलमच्या तुलनेत कितीतरी स्वस्त असतो, आणि रत्तीचा भाव लावून ‘जागृत केलेला’ म्हणून विकल्याने दगड बदलत नाही.

दुसरी अडचण बोटाची. असा खडा बहुधा अंगठीत, सतत घालायचा असतो. अंगठीला दिवसभर टेबल, भांडी, गाडीचं हँडल यांचे टक्के लागतात. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झचा कठीणपणा ७. त्यामुळे लाजवर्दाची अंगठी वर्षभरात धुरकट होऊ शकते. अंगठीच हवी असेल तर खडा पट्टीच्या कोंदणात, कडेपेक्षा वर न आलेला घ्या आणि काम करताना काढून ठेवा. नाहीतर पदक किंवा कानातलं केव्हाही बरं.

## “अफगाणिस्तानातला माल घेणं योग्य आहे का?”

२०१६ मध्ये ग्लोबल विटनेस या संस्थेने एक मोठा अहवाल दिला होता. बदख्शानच्या लाजवर्दाच्या खाणींतून मिळणारा पैसा सशस्त्र टोळ्यांकडे आणि तालिबानकडे कसा जातो, हे त्यात मांडलं होतं. आता तर देशावर तालिबानचंच राज्य आहे. दुसऱ्या बाजूला, त्या खोऱ्यातल्या मजुरांना दुसरी उपजीविका जवळपास नाही, आणि दगड पाकिस्तानमार्गे किंवा चीनमार्गे इतक्या हातांतून फिरतो की गुजरीतला विक्रेता तो नेमका कुठल्या खाणीचा हे सांगूच शकत नाही. ज्याला हे मनाला लागतं त्याच्यापुढे दोन खरे पर्याय आहेत: चिलीचा माल, किंवा जुना. कुणा आजीच्या पेटीतली लाजवर्दाची माळ नव्याने ओवून घेतली तर तिच्यासाठी कुठेही नवा सुरुंग लागत नाही.

## घरातली निगा

मऊ, किंचित ओलसर कापडाने पुसा, लगेच कोरडं करा. पाण्याचा शिंतोडा उडाला म्हणून घाबरायचं कारण नाही. बुडवून ठेवायचं मात्र नाही, रिठ्याच्या पाण्यातही नाही, कारण सांध्यांतून पाणी आत जातं आणि मेण, रंग सुटू लागतो. टूथपेस्ट, टूथपावडरने चांदी घासायची सवय अनेक घरांत आहे. खडा असलेल्या दागिन्यावर ती नको. दुकानातलं कंपनांनी साफ करणारं यंत्र आणि वाफेची सफाई, दोन्ही टाळा. अत्तर, हेअरस्प्रे आधी, दागिना नंतर. आणि डब्यात हिरा, नीलम, माणिक यांच्यासोबत न ठेवता वेगळ्या कापडी पिशवीत ठेवा, ते सगळे याला ओरखडतात.

## बिलावर काय लिहून घ्यायचं

सोन्याच्या दागिन्यात लाजवर्द बसवत असाल तर हे सर्वांत आधी. हॉलमार्क आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीचा झालेला सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक सोन्याची शुद्धता सांगतात. खड्याबद्दल काहीही सांगत नाहीत. लाजवर्दाचे खडे मोठे असतात आणि वजनदारही. एकूण वजनाला सोन्याचा भाव लागला तर दगडाचे पैसे सोन्याच्या दराने जातात. म्हणून एकूण वजन, खड्याचं वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन या तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहून घ्या, खड्याची किंमत वेगळी आणि घडणावळ वेगळी. मोडीत देताना खड्याचे पैसे सहसा मिळत नाहीत, हेही घेतानाच धरून चला.

चांदीच्या दागिन्याला बिल मागायची आपल्याला सवय नसते, पण लाजवर्द असेल तर मागाच. त्यावर नुसतं ‘निळा खडा’ किंवा ‘स्टोन’ नको. नैसर्गिक लाजवर्द, रंगवलेला लाजवर्द, चुऱ्यापासून बनवलेला, की नक्कल, यातला एक शब्द हवा. रंगवलेला घेण्यात काही वावगं नाही. रोज घालायच्या कानातल्यांना तो स्वस्तात छान दिसतो. फक्त भाव रंगवलेल्याचा द्यायचा, आणि त्यावर ॲसिटोनचा थेंब पडू द्यायचा नाही.